एडिटिंगचं बिऱ्हाड हलवताना

चातुर्मास लागला की लग्नाचे मुहूर्त थांबतात. शूटिंगवाल्यांचे कॅमेरे बॅगेत जातात आणि मिक्सिंगच्या टेबलावर मागची दोन-चार कामं तेवढी रेंगाळत राहतात. सॉफ्टवेअरच्या कंपनीला मात्र चातुर्मास पाळायचं काही कारण नसतं. कार्डावरून दर महिन्याचे पैसे कापले जातात ते जातातच. मग कुणीतरी विचारतंच, "हे सोडून दुसरं घेतलं तर? फुकटातलं?"

घेता येतं, आणि बऱ्याच जणांनी घ्यावं असं माझं मत आहे. पण सोडताना नक्की काय सुटतं, काय मागे राहतं आणि काय मोडतं, हे आधी कळलेलं बरं. समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण धरतो: अ‍ॅडोबी प्रीमिअर प्रो हे वर्गणीवरचं व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर सोडून डाविंची रिझॉल्व्ह या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर जाणं. बाकीच्या जोड्यांनाही यातलं बरंचसं लागू पडतं.

आधी हे भाडं सुरू कसं झालं ते पाहू. २०१२ साली आलेला 'सीएस ६' हा अ‍ॅडोबीचा विकत घेता येणारा शेवटचा संच. तोवर एकदा पैसे मोजले की ती आवृत्ती तुमची, नवी आली तर घ्या नाहीतर राहू द्या, असा मामला होता. मे २०१३ मध्ये कंपनीने जाहीर केलं की यापुढे नवं जे येईल ते फक्त वर्गणीवर. मुंबई-पुण्यात ज्यांनी अकरा महिन्यांच्या करारावर घरं बदलली आहेत त्यांना हा प्रकार वेगळा समजावायला नको. पैसे थांबले की किल्ली परत. भिंतीला ठोकलेले खिळे तुमचे नाहीत, पण कपाटातले कपडे तुमचेच.

हिशेब करून बघा. अमेरिकेत वर्षभराच्या करारावर एकट्या प्रीमिअरचा दर २०२४ च्या सुमारास महिना २२.९९ डॉलर होता, म्हणजे वर्षाला जवळपास २७६ डॉलर. रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती शून्य रुपयांची, आणि तिची पैसे देऊन मिळणारी 'स्टुडिओ' आवृत्ती २९५ डॉलरची, एकदाच. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात ना, तसा तेराव्या महिन्यालाच हिशेब फिरतो. तिथून पुढचं प्रत्येक भाडं हे निव्वळ भाडं. भारतातले आकडे वेगळे आहेत, वर १८ टक्के जीएसटी आहे, पण गणिताचा साचा हाच.

आता करारातली बारीक अक्षरं. 'महिन्याला इतके' असं लिहिलेली योजना बहुतेक वेळा वर्षाची असते, फक्त हप्ते महिन्याचे असतात. पहिल्या चौदा दिवसांनंतर ती मध्येच सोडली तर वर्षाच्या उरलेल्या रकमेच्या निम्मी रक्कम दंड म्हणून घेण्याचं कलम तिच्यात असतं. हा दंड गिऱ्हाइकापासून लपवला जातो आणि वर्गणी रद्द करणं मुद्दाम अवघड केलं आहे, असा आरोप ठेवून जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या पुढाकाराने अ‍ॅडोबीवर खटला दाखल झाला. आपण त्या वादात न पडता एवढंच करायचं: खात्यात जाऊन नूतनीकरणाची तारीख बघायची आणि ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवायची. बिऱ्हाड त्या तारखेच्या बेताने हलवायचं.

पैशाचा भाग इथे संपला. तो सोपा होता. खरी अडचण आहे ती प्रोजेक्ट फाइलची.

एडिटिंगच्या प्रोजेक्टमध्ये व्हिडिओ नसतो. पुष्कळांना वाटतं की असतो. म्हणूनच कुणीतरी पाच एमबीची प्रोजेक्ट फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतं आणि समोरच्याला सगळीकडे लाल पट्ट्या दिसतात. प्रोजेक्ट ही शिंप्याची वही आहे. कापड वेगळीकडे, म्हणजे तुमच्या हार्ड डिस्कवर पडलेलं असतं. वहीत लिहिलेलं असतं की अमुक थानातून इथपासून इथपर्यंत कापा, त्याला तमुक तुकडा जोडा, इथे चुन्या, इथे अस्तर. 'एक्सपोर्ट' दाबलं की शिंपी ती वही वाचून कपडा शिवतो. वर्गणी बंद केली की कापड तुमच्याकडेच राहतं, शिवून झालेले कपडेही राहतात. वहीसुद्धा तुमच्याच घरात राहते, पण ती त्या एका शिंप्याच्या अक्षरात लिहिलेली असते. प्रीमिअरची प्रोजेक्ट फाइल म्हणजे खरं तर दाबून बसवलेला साधा मजकूर आहे. जाणकार माणूस ती उलगडून वाचूही शकतो. पण 'हा इफेक्ट असा लावा' म्हणजे पडद्यावर नक्की काय करायचं, ते प्रीमिअरलाच ठाऊक.

मग वहीचं भाषांतर करून नेता येत नाही का? येतं, अर्धंमुर्धं. प्रीमिअरच्या एक्सपोर्टच्या यादीत 'फायनल कट प्रो एक्सएमएल' असा पर्याय असतो आणि रिझॉल्व्ह ती फाइल वाचतो. या फाइलची गोष्ट मजेदार आहे. ती ज्या फायनल कट प्रो ७ ची भाषा, ते सॉफ्टवेअर अ‍ॅपलने २०११ मध्येच बंद केलं. त्याच्या जागी आलेल्या नव्या फायनल कटमध्ये त्याच कंपनीच्या जुन्या आवृत्तीची प्रोजेक्टं उघडत नव्हती आणि एडिटर मंडळींनी तेव्हा केवढा तरी गदारोळ केला होता. सॉफ्टवेअर गेलं, पण त्याची बोली आजही दोन परक्या सॉफ्टवेअरमध्ये दुभाषाचं काम करते.

या दुभाषाला कट समजतात. कुठला क्लिप कुठे सुरू होतो, कुठे संपतो, कितव्या ट्रॅकवर आहे, साधा डिझॉल्व्ह, आकार लहान-मोठा करणं, आवाजाची पातळी, एवढं बऱ्यापैकी पोचतं. ल्युमेट्री या प्रीमिअरच्या रंगाच्या साधनात केलेलं रंगकाम पोचत नाही. प्रीमिअरमध्ये बनवलेली शीर्षकं, टेम्प्लेट, विकत घेतलेले प्लगइन, आफ्टर इफेक्ट्स या इफेक्ट्सच्या सॉफ्टवेअरशी थेट जोडलेले तुकडे, यांतलं काहीच धडपणे पोचत नाही. म्हणून माझा पहिला नियम: चालू काम मध्येच हलवायचं नाही. ज्या घरात सुरू केलं त्याच घरात संपवायचं, नवं काम नव्या घरात. अर्धी हळद लागल्यावर मांडव बदलत नाहीत.

आता नव्या घराविषयी. इतकं मोठं सॉफ्टवेअर फुकट कसं, हा संशय रास्त आहे. डाविंची हे मुळात अमेरिकेतल्या फ्लोरिडामधल्या एका कंपनीचं रंग सुधारण्याचं यंत्र. सिनेमा आणि जाहिरातींच्या मोठ्या लॅबमध्ये ते लाखो डॉलर मोजून बसवलं जायचं, सोबत खास यंत्रसामग्री आणि नॉबवाले पॅनल. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या ब्लॅकमॅजिक डिझाइनने ती कंपनी विकत घेतली आणि दोन वर्षांत त्याची मोफत आवृत्ती बाजारात सोडली. पुढे २०१४ मध्ये फ्यूजन हे इफेक्ट्सचं सॉफ्टवेअर घेतलं, २०१६ मध्ये फेअरलाइट ही आवाजाची कंपनी घेतली आणि सगळं एकाच खिडकीत आणून बसवलं. रिझॉल्व्हच्या तळाशी पानांची जी रांग दिसते, मीडिया, कट, एडिट, फ्यूजन, कलर, फेअरलाइट, डिलिव्हर, ती या खरेदीचीच वंशावळ आहे. आणि ही कंपनी मुळात कॅमेरे, पॅनल, कॅप्चर कार्ड विकते. सॉफ्टवेअर हे तिच्या दुकानाचं दार आहे. दार फुकट ठेवणं तिला परवडतं.

मोफत आवृत्तीत काय नाही? ४के अल्ट्रा एचडीच्या वर एक्सपोर्ट होत नाही, त्याने बहुतेकांचं काही अडत नाही. अंधाऱ्या हॉलमधल्या चित्रातले दाणे काढणारं नॉइज रिडक्शन नाही, त्याने मात्र लग्नवाल्यांचं नक्की अडतं. एका क्लिकवर माणूस पार्श्वभूमीतून वेगळा करणारं साधन नाही, आणि बरेच इफेक्ट असे आहेत की लावले तर चित्रावर कंपनीचा शिक्का उमटतो. हे हवं असेल तर स्टुडिओ आवृत्ती. तिची एक चावी दोन कॉम्प्युटरवर चालते आणि आजवर पुढच्या आवृत्त्यांसाठी कंपनीने वेगळे पैसे मागितलेले नाहीत. उद्याही मागणार नाही याची लेखी हमी कुणी दिलेली नाही, हे लक्षात असू द्या.

पण मोफत आवृत्तीत खरी ठेच लागते ती वेगळ्याच ठिकाणी: कॅमेऱ्यातली फाइल उघडताना.

मोबाईल आणि हल्लीचे कॅमेरे व्हिडिओ फार दाबून साठवतात. एच.२६४ किंवा एच.२६५ ही नावं कुठेतरी वाचली असतील. कॅलेंडरच्या मागच्या पानावर घरातली बाई दुधाचा हिशेब लिहिते, तसं हे असतं. एक तारखेला लिहिलं 'दीड लिटर'. मग रोज तेच लिहायची गरज नाही. फक्त बदल लिहायचा: पाच तारखेला 'अर्धा जादा', अकराला 'नको'. जागा वाचते, पण अठरा तारखेची स्थिती सांगायची तर मागे जाऊन पहिल्यापासून वाचत यावं लागतं. व्हिडिओतही काही फ्रेम पूर्ण साठवलेल्या असतात आणि मधल्या फ्रेममध्ये फक्त 'मागच्यापेक्षा काय बदललं' एवढंच लिहिलेलं असतं. नुसतं सलग पाहताना हे खपून जातं. एडिटिंगमध्ये तुम्ही सतत मागे-पुढे उड्या मारता, आणि प्रत्येक उडीला कॉम्प्युटरला हा हिशेब नव्याने जुळवावा लागतो. पंखा बोंबलायला लागतो तो त्यामुळे.

हा हिशेब झटपट जुळवायला ग्राफिक्स कार्डाची मदत लागते, आणि इथेच मोफत आवृत्ती हात आखडता घेते. विंडोजवर १०-बिट ४:२:२ प्रकारचे एच.२६५ व्हिडिओ, म्हणजे बऱ्याच मिररलेस कॅमेऱ्यांचे, मोफत रिझॉल्व्हमध्ये टाकले की पुष्कळदा आवाज येतो आणि चित्राच्या जागी 'मीडिया ऑफलाइन' अशी पाटी येते. लिनक्सवर तर मोफत आवृत्ती साधं एच.२६४ सुद्धा उघडत नाही. सॉफ्टवेअर बिघडलंय असं समजून लोक ते काढून टाकतात. उपाय आहे: शटर एन्कोडर किंवा एफएफएमपेग अशा मोफत साधनांनी फाइल आधी डीएनएक्सएचआर नाहीतर प्रोरेसमध्ये बदलून घ्यायची. या प्रकारांत रोजचं दूध रोज पूर्ण लिहिलेलं असतं. फाइल कैक पटींनी मोठी होते, पण कॉम्प्युटरला मागची पानं चाळावी लागत नाहीत. म्हणजे सॉफ्टवेअरवर वाचवलेले काही पैसे हार्ड डिस्कवर जातात, हेही हिशेबात धरा.

फ्रेम रेटचं, म्हणजे सेकंदाला किती चित्रं याचं, दुखणं याला लागूनच आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून मांडवातल्या दिव्यांखाली पट्ट्या दिसू नयेत यासाठी कॅमेरा २५ किंवा ५० फ्रेमवर लावतात. वऱ्हाडी मंडळींच्या मोबाईलमधले व्हिडिओ ३० फ्रेमचे, तेही कधी २९, कधी ३०, उजेड कमी झाला की २४. या हेलकावणाऱ्या वेगामुळे मंगलाष्टकांचे सूर हळूहळू ओठांच्या पुढे पळायला लागतात. असे मोबाईल व्हिडिओ टाइमलाइनवर, म्हणजे क्लिप ओळीने मांडायच्या पट्टीवर, टाकण्याआधी हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून एकसारख्या वेगात बदलून घ्यावेत. आणि रिझॉल्व्हमध्ये एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: टाइमलाइनचा फ्रेम रेट काम सुरू करण्याआधी ठरवायचा. एकदा त्यावर क्लिप पडले की तो बदलता येत नाही. प्रीमिअरमध्ये तो मागाहून बदलायची सवय झालेली असते, म्हणून हे आवर्जून सांगतोय.

आता ज्याविषयी इंग्रजीतल्या मार्गदर्शनात सहसा फारसं सापडत नाही ते: आपली अक्षरं.

रोमन लिपीत अक्षराशेजारी अक्षर ठेवलं की शब्द झाला. देवनागरीत सॉफ्टवेअरला डोकं चालवावं लागतं. 'कि' टाइप करताना आधी क येतो आणि मग वेलांटी, पण काढताना वेलांटी आधी काढायची. 'कीर्ती'मधला र उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. 'दुसऱ्या' आणि 'तऱ्हा'मधला र तर आणखी वेगळा, हिंदीवाल्यांना बहुधा न लागणारा. ही मांडणी करणारा भाग सॉफ्टवेअरमध्ये नसेल तर पत्रिकेतल्या नावाची हाडं मोकळी होऊन पडतात. प्रीमिअरमध्येही ग्राफिक्सच्या पसंतींत जाऊन मजकुराचं इंजिन 'साउथ आशियन अँड मिडल ईस्टर्न' असं निवडावं लागतं. आपल्याकडच्या जुन्या मिक्सिंगवाल्यांनी यावर वर्षानुवर्षं वेगळाच तोडगा काढला होता: श्रीलिपीसारखे, युनिकोड ही सगळ्या लिप्यांची सामाईक पद्धत रुळण्याआधीचे फाँट. त्यात मराठी अक्षरं रोमन अक्षरांचा वेश घेऊन बसतात, त्यामुळे कुठलंही सॉफ्टवेअर फसतं. पण तो मजकूर शोधता येत नाही, कॉपी करून दुसरीकडे टाकला तर नुसता इंग्रजी पाला दिसतो.

नव्या सॉफ्टवेअरमध्ये शिरल्यावर सर्वात आधी शीर्षकाच्या चौकटीत 'श्रद्धा, कीर्ती, विद्वत्ता, दुसऱ्या, ऑक्टोबर' एवढं टाइप करून बघा. रिझॉल्व्हमध्ये शीर्षकांची साधनं एकापेक्षा जास्त आहेत, एकात बिनसलं तर दुसऱ्यात करून पाहा. कशातच जमलं नाही तर हुकमी मार्ग आहे: इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये शीर्षक बनवायचं, पारदर्शक पीएनजी म्हणून काढायचं आणि चित्रासारखं टाइमलाइनवर ठेवायचं. तिथे अक्षरं तुटत नाहीत. केडेनलाइव्ह या मोफत एडिटिंग सॉफ्टवेअरच्या शीर्षकांतही देवनागरी सहसा नीट बसते.

फाँटचा आणखी एक फास आहे. अ‍ॅडोबीच्या वर्गणीसोबत मिळणारे फाँट वर्गणीसोबतच जातात. मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेने केलेले 'मुक्त' आणि 'बालू', किंवा 'तिरो देवनागरी मराठी', हे खुल्या परवान्याचे फाँट उतरवून ठेवा. तिरोच्या मराठी संचात ल आणि श मराठी वळणाचे आहेत. हिंदी ल पाहून ज्यांना शाळेतले मास्तर आठवतात त्यांच्यासाठी ही मोठीच सोय.

रिझॉल्व्हची आणखी एक रीत नव्या माणसाचा घात करते. प्रीमिअरमध्ये प्रोजेक्ट ही डोळ्यांना दिसणारी फाइल असते, हव्या त्या फोल्डरात. रिझॉल्व्ह सगळी प्रोजेक्टं स्वतःच्या एका कोठारात ठेवतो, ज्याला तो प्रोजेक्ट लायब्ररी म्हणतो. विंडोज बिघडलं, कुणीतरी सी ड्राइव्ह पुसून नव्याने टाकला, व्हिडिओ डी ड्राइव्हवर सुखरूप, आणि शिंप्याची वही मात्र गेली. म्हणून दर कामाच्या शेवटी प्रोजेक्ट मॅनेजरमधून प्रोजेक्ट एक्सपोर्ट करून व्हिडिओच्याच फोल्डरात ठेवायची सवय लावून घ्या. दहा सेकंदांचं काम आहे.

बोटांची काळजी नको. रिझॉल्व्हच्या कीबोर्डच्या सेटिंगमध्ये प्रीमिअरचे शॉर्टकट जसेच्या तसे निवडता येतात. शुद्धतावादी म्हणतात की नवे शॉर्टकट शिका. मी म्हणतो, कशाला? कट मारणं महत्त्वाचं, कुठल्या बटणाने मारला ते प्रेक्षक विचारत नाही.

सगळ्यांनी रिझॉल्व्हच घ्यावं असंही नाही. ते ग्राफिक्स कार्डावर जगतं. जुन्या लॅपटॉपवर उघडेल, पण रडवेल. तिथे केडेनलाइव्ह किंवा शॉटकट बरे. दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत, दोन्ही 'एमएलटी' नावाच्या एकाच इंजिनवर चालतात आणि दोघांत 'प्रॉक्सी'ची, म्हणजे मोठ्या व्हिडिओची हलकी नक्कल करून तिच्यावर काम करण्याची सोय आहे. मॅकवाल्यांना फायनल कट प्रो एकदाच पैसे देऊन मिळतं. आणि काहींनी हलूच नये: ज्यांच्याकडे एजन्सी किंवा चॅनल प्रीमिअरचीच प्रोजेक्ट फाइल मागतं, ज्यांचा दिवस आफ्टर इफेक्ट्सच्या टेम्प्लेटवर जातो, जे चौघांत मिळून एकच प्रोजेक्ट चालवतात. त्यांच्यासाठी भाडं हा धंद्याचा खर्च आहे, तो बिलात लावावा. राहता राहिला क्रॅक, म्हणजे कुलूप फोडून चोरून वापरलेली प्रत. त्यासोबत येणारं विषारी सॉफ्टवेअर एखाद्याच्या आयुष्यातल्या एकुलत्या एका लग्नाचं फुटेज कुलूपबंद करून खंडणी मागू शकतं. त्या वाटेला जाऊ नका.

वर्गणी चालू असतानाच उरकायची कामं अशी. ज्या जुन्या कामांचं गिऱ्हाईक परत येण्याची शक्यता आहे, त्यांची उच्च दर्जाची मास्टर फाइल काढा. शक्य तर एक शीर्षकांसह आणि एक शीर्षकांशिवाय, म्हणजे पुढे नाव दुरुस्त करायचं झालं तर अडणार नाही. संगीत आणि बोलणं वेगवेगळं काढून ठेवा. प्रीमिअरच्या प्रोजेक्ट मॅनेजरने सगळ्या फाइली एका फोल्डरात गोळा करा, सोबत एक्सएमएल टाका, वापरलेल्या फाँटची नावं साध्या मजकुराच्या फाइलीत लिहा. सगळ्याच कामांचं हे करत बसू नका. पाच वर्षांपूर्वीचं बारसं कुणी पुन्हा एडिट करायला आणत नाही. आणि आणलंच, तर एका महिन्याची वर्गणी घ्यायची, काम करायचं, त्याच महिन्यात बंद करायची. त्या वेळी मात्र वर्षाचा करार न करता सुट्या महिन्याची योजना निवडा. ती महाग असते, पण दंड नसतो.

आषाढीला नवं सॉफ्टवेअर टाका. घरच्या गणपतीचा व्हिडिओ त्यात करा, ज्याचे पैसे कुणी मागणार नाही आणि उशीर झाला म्हणून फोन करणार नाही. मोबाईलचा क्लिप, कॅमेऱ्याचा क्लिप, मराठी शीर्षक, आरतीचा आवाज, सगळी दुखणी त्या एका व्हिडिओत समोर येतील. तुळशीचं लग्न लागून मुहूर्त सुरू होईपर्यंत हाताशी चार महिने असतात, आणि तोवर जुनी वर्गणी चालू ठेवलेली बरी.